धोतरातून गाळलेलं पेट्रोल

वहिनी, काल गंगेवर तुमचा दहावा झाला. पिंड ठेवून दादा दोन पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. गुरुजी म्हणाले, "भाग्यवान बाई. काही इच्छा राहिली नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेवढा मनातून चिडलो. तुमची राहिली नसेल, माझी राहिली आहे ना! चार वर्षं मी दादाला एक गोष्ट सांगायची टाळतो आहे. ती तुमच्याबद्दलची आहे, आणि तुमच्या देखत सांगायची होती. तेराव्याच्या आत सांगायचीच असं मी ठरवलं आहे. पण दादासमोर उभं राहायच्या आधी तुमच्यापाशी एकदा सगळं बोलून घ्यावं असं वाटलं. धाकट्या दिराला वहिनीशिवाय दुसरं कोर्ट कुठलं?

गाडी घरात आली तेव्हा तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझ्या इंटरच्या दुसऱ्या नापासाला सहा महिने. दादाची डॉक्टरकी तोवर तांग्यातून चालायची. त्र्यंबकच्या वाटेवरून, घोटी-इगतपुरीकडच्या खेड्यांतून बोलावणी यायची, आणि तांगा पोचेपर्यंत कित्येकदा उशीर झालेला असायचा. तसा एक पोर हातचा गेला तेव्हा दादा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी देवळालीला जाऊन विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी गाडी घेऊन आला. कापडी टपाची, हँडल मारून सुरू करायची. चालवायला मी. "एवढं तरी नीट कर," असं म्हणून त्यानं ती माझ्या स्वाधीन केली. मी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागलो.

गाडीबरोबर साहेबानं एक नरसाळं दिलं होतं. त्याच्या आत पिवळं मऊ कातडं बांधलेलं होतं, त्यातून पेट्रोल गाळून टाकीत ओतायचं. गाडी ठेवायला जागा म्हणजे आपला रिकामा पडलेला गोठा, आणि गोठ्याची भिंत देवघराला लागून. आईनं ते कातडं पाहिलं मात्र, तिचा पारा चढला. "जिथं गाय बांधली तिथं कातडं? बाळ, आधी ते बाहेर फेक!" मी फेकलं. त्याऐवजी दादाचं जुनं धोतर फाडलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि चौपदरी करून नरसाळ्याला बांधलं. आई खूश, मी खूश. कातड्यापेक्षा धुतलेलं धोतर केव्हाही स्वच्छ, यात शंका घ्यायचं आपल्या घरात कुणाला सुचण्यासारखंच नव्हतं. तुम्हालाही तेव्हा सुचलं नव्हतं, हे तुम्हीच मला पुढे कितीदा तरी सांगितलंत.

उन्हाळा बरा गेला. पावसाळा लागला तशी गाडी बिघडली, आणि बिघडली तीही चमत्कारिक. रस्त्यावर धावताना उत्तम. उभी केली, इंजिन मंद चालीवर आणलं, की तिचं तंत्र सुरू. कधी उगीच उधळायची, कधी धाप लागल्यासारखी दोन ठोके खाऊन तिसऱ्याला गप्प व्हायची. मग उतरा, हँडल मारा. कॅम्पातून एक मिस्त्री आणला. त्यानं गोठ्यात अर्धा दिवस घालवला, दिसेल तो स्क्रू पिळला, कार्बुरेटर पुसला, चहा दोनदा घेतला आणि म्हणाला, "आता बघायला नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला लागलं.

शेवटी रेल्वेच्या फाटकावर व्हायचं ते झालं. मालगाडीसाठी फाटक बंद होतं, तेवढ्या वेळात आपली गाडी विझली. फाटक उघडलं, मागे बैलगाड्या खोळंबल्या. मी हँडल मारून मारून घामाघूम झालो. एक गाडीवान खाली उतरून अगदी मनापासून म्हणाला, "डाक्टर, बैल जुपू का म्होरं? लय येळ झाला." दादाचं डोकं फिरलं. मला बाजूला सारून त्यानं स्वतः हँडल धरलं, आणि हँडलनं उलटा झटका दिला. त्याचा उजवा अंगठा सुजून हा एवढा झाला. आठ दिवस त्याला धड नाडी बघता येईना की चिठ्ठी लिहिता येईना. त्या रात्री जेवताना त्यानं डाव्या हातानं चमचा धरून निकाल दिला: दसऱ्यापर्यंत गाडी सरळ झाली तर झाली, नाही तर विकायची. आणि गाडी गेली की माझं इथं काय काम? मी लासलगावला मामांच्या कांद्याच्या वखारीत जायचं.

वखारीत! वहिनी, तुम्ही तेव्हा वाढत होता. तुमचा हात तसाच थांबला होता, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागल्यावर तुम्ही पदर खोचून गोठ्यात आलात. मी गाडीचं तोंड उघडून आत बघत बसलो होतो. बघत होतो एवढंच, दिसत काही नव्हतं.

"भाऊजी, ही धावताना बरी असते ना?"

"हो."

"मग धावायचं थांबली की का रुसते?"

"ते कळलं असतं तर मी लासलगावच्या गोष्टी कशाला करत बसलो असतो?"

"करू नका," तुम्ही म्हणालात. "हँडल मारा. मला ऐकायचंय."

तुम्ही इगतपुरीच्या. तुमचे अप्पा रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. लग्नानंतर आमच्याकडे सगळे तुम्हाला 'रेल्वेवाली' म्हणून चिडवायचे, आणि मी त्यात सगळ्यात पुढे. अप्पा जेवणाच्या पाटावर बसून घाटाखालून येणाऱ्या इंजिनाचं काय दुखतंय ते सांगायचे, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात तेव्हा मी हसलो होतो. त्या दुपारी तुम्ही गोठ्याच्या दाराला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिलात, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"जास्त लागतं तेव्हा हिला मिळतंय," तुम्ही म्हणालात. "थोडं लागतं तेव्हा मिळत नाही. स्टोव्ह बारीक करताना विझतो ना, तसं. आत एखादी बारीक वाट आहे का हो, फक्त मंद चालीपुरती?"

होती. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची मोठी वाट वेगळी आणि मंद चालीची सुईच्या अग्राएवढी वाट वेगळी. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यावरून विचार करणं वेगळं, हे इंटरला दोनदा नापास झालेल्या माणसाला कोण सांगणार? मी लगेच त्या बारीक वाटेचा जेट उघडला आणि स्टोव्हची पिन आणायला पळालो. तुम्ही माझा हातच धरलात.

"पिन घालायची नाही. स्टोव्हचं भोक तुम्ही असंच टोकरून मोठं केलंत, म्हणून तो काळं ओकतो. इथे तेच केलंत तर ही गाडी जन्मात सुधारायची नाही."

मग समोरच्या उस्मान तांगेवाल्याकडे मला पाठवलंत, घोड्याच्या शेपटीचा एक केस मागायला. उस्माननं केस दिला, पण त्यावर बोलल्याशिवाय राहील तर तो उस्मान कसला! "घोड्याचा केस गाडीला? मग शेपूट पण लावून टाका ना भाऊसाब. ही बिमार आहे तवर माझा घोडा लय खूश हाय!" त्या केसानं तुम्ही जेट साफ केलात. आतून निघालं ते पांढरं, अगदी बारीक कसपट. तुम्ही ते नखावर घेऊन उजेडात धरलंत. कापसाचा तंतू होता. आपल्याला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. गाडी त्या दिवशी बरी चालली, दुसऱ्या दिवशी पुन्हा विझली.

पुढचे पाच दिवस तुम्ही जे केलंत त्याला मी आजही मनातल्या मनात हात जोडतो. माझा आणि मिस्त्रीचा खाक्या एकच: सगळं एकदम पिळायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तुम्ही म्हणालात, "एका वेळी एकच. आमटीत मीठ, चिंच, गूळ तिन्ही एकदम वाढवलं आणि बिघडली, तर काय चुकलं हे कुणाला कळणार?" प्रत्येक स्क्रूला हात लावायच्या आधी तुम्ही त्याच्या खाचेसमोर कुंकवाचा ठिपका द्यायचात, म्हणजे फरक पडला नाही तर तो होता तिथे परत आणता येई. एक दिवस हवेचा स्क्रू. एक दिवस प्लग. एक दिवस सांध्यांवर साबणाचं पाणी सोडून कुठे हवा ओढली जाते का ते पाहिलंत. रोज दुपारी तासभर, आई उठायच्या आत. इंजिनाला इतकी टिकली-कुंकवाची सवय झाली की मी म्हटलं, आता ओटी भरा हिची. तुम्ही हसता हसता पाना माझ्या अंगावर उगारलात.

आणि पाचव्या दिवशी, डाळ निवडता निवडता, तुम्हीच मला हाक मारलीत.

"भाऊजी, गौरी-गणपतीला मला माहेरी सोडलंत, तेव्हा तिथे पेट्रोल संपलं होतं ना?"

"हो. तिथल्या दुकानदारानं कार्बुरेटर पुसून टाकी भरून दिली."

"त्यानंतर किती दिवस ही चांगली चालली?"

मी आठवलं. तीन. चांगले तीन दिवस, ती टाकी संपेपर्यंत.

"मिस्त्रीनंही कार्बुरेटर पुसलाच होता. मग ती दुसऱ्या दिवशी का बिघडली? पेट्रोल एकाच कंपनीचं, डबेही एकसारखे." तुम्ही सूप खाली ठेवलंत. "त्या दुकानदारानं गाळलं कशातून?"

कातड्यातून. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुम्ही उठलात. दादाच्या दवाखान्यातल्या दोन रिकाम्या बाटल्या आणि त्याच्या चष्म्याच्या डबीतला पिवळ्या कातड्याचा तुकडा घेऊन आलात. तो तुकडा वर्षानुवर्षं आपल्या घरात होता, देवघरातल्या कोनाड्यातसुद्धा कितीदा राहिला होता, आणि त्याला कुणी कधी हरकत घेतली नव्हती. मधल्या अंगणात, चुलीपासून लांब, तुम्ही वाटीभर पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी घातलंत. निम्मं धोतरातून एका बाटलीत ओतलंत. पेट्रोल गेलं आणि मागोमाग पाणीही गेलं, तळाशी बुडबुड्यासारखं जाऊन बसलं. उरलेलं कातड्यातून ओतलंत. पेट्रोल खाली उतरलं. पाण्याचे मणी कातड्यावर जसेच्या तसे राहिले.

मग उलगडायला काय उरलं? गोठ्याच्या कौलातून ठिबकणारं पाणी पेट्रोलच्या डब्यावर साचायचं. मी डब्याला भोक पाडलं की ते आत. ते पाणी आणि धोतराचे तंतू, दोन्ही मीच, मोठ्या सोवळ्यानं, रोज गाडीला पाजत होतो. "शुद्ध म्हणून जे बांधलं तेच," तुम्ही म्हणालात आणि एवढ्या हसलात की आई जागी झाली.

दसऱ्याला पाच दिवस उरले होते. मी देवळालीहून तसलं कातडं आणलं, डबे माळवदाखाली हलवले, टाकी धुतली. गाडी हँडलच्या पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि अंगणात उभ्या उभ्या अशी एकसारखी चालत राहिली की तुम्ही बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवलात. पाणी नुसतं थरथरत होतं, सांडत नव्हतं.

संध्याकाळी दादा आला. त्यानं ते पाहिलं. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बाळ, शाबास. मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढं डोकं असेल."

वहिनी, त्या क्षणी मला बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं. पण त्या माणसानं मला जन्मात पहिल्यांदा शाबास म्हटलं होतं. मी म्हटलं, "धोतराची भानगड होती." भानगड कुणी शोधली, हे म्हटलं नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेला उचललात आणि आत गेलात.

श्रेय मला मिळालं, आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. दोनच दिवसांत आईला कातडं वाळत घातलेलं दिसलं. "कुणी आणलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी आणवलं." आणि वर वाद घातलात! "सासूबाई, मामंजी पूजेला बसायचे ते आसन कशाचं होतं?"

"ते मृगाजिन. हरणाचं."

"आणि हे मेंढीचं. दोघंही गवतच खातात की."

मी गोठ्यात तोंड दाबून बसलो. आई मात्र हसली नाही. तिनं ठरवून टाकलं: कातड्याला हात लागला की डोक्यावरून अंघोळ, मगच स्वयंपाकघर. तुम्ही 'बरं' म्हणालात. मी म्हटलं, पेट्रोल मी भरतो, तुम्ही हात लावू नका. तुम्ही म्हणालात, "तुमच्या हातून सांडतं." चार वर्षं, एक दिवसाआड, पौषातल्या नाशिकच्या थंडीतसुद्धा, तुम्ही पेट्रोल गाळलंत आणि दुसऱ्यांदा अंघोळ केलीत. कुरकूर एकदाही ऐकली नाही. आईशी तुमचा तो मृगाजिनाचा वाद मात्र अर्धवटच राहिला. ती अजूनही म्हणते, हरणाची गोष्ट वेगळी.

दादाला एवढंच दिसायचं की तुम्ही माझ्या हाताखाली काहीबाही करता. आलेल्या-गेलेल्यांना तो कौतुकानं सांगायचा, "आमचा बाळ म्हणजे इंजिनाचा डॉक्टर, आणि ही त्याची क्लीनर." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. एकदा मला राहवलं नाही, मी तुम्हाला गाठून म्हटलं, वहिनी, आज सांगून टाकतो. तुम्ही म्हणालात, "आता काय सांगता? तुमचं नाव झालंय, राहू द्या. लोकं गाड्या घेऊन यायला लागलीत तुमच्याकडे." ते खरं होतं. माझं आजचं बरं चाललेलं दुकान त्या एका 'शाबास'वर उभं आहे. तुम्ही 'राहू द्या' म्हणालात आणि मी ते लगेच ऐकलं. इतर कुठल्या गोष्टीत मी तुमचं इतकं पटकन ऐकलं होतं? गाडी चालवायला शिकवा म्हणून तुम्ही तीन वर्षं मागे लागला होतात. मी म्हणायचो, लोक हसतील. तुम्ही म्हणायचात, इंजिन तर हसणार नाही ना? ते काही मी ऐकलं नाही.

आणि या आजारात, ताप उतरेना, दादा उशाशी पुतळ्यासारखा बसलेला, आणि मी औषध घेऊन गाडी अंगणात आणली तर तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भाऊजी, तिसरा प्लग बघा." मी पाहिला. तिसराच बिघडलेला होता. गोठ्यात बसून मी किती रडलो ते तुम्हाला कळलं नाही, हे बरं झालं.

*

वहिनी, लिहिता लिहिता मधेच उठून गेलो होतो. सांगून आलो.

दादा ओसरीवर एकटाच होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं मधे काही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे धोतराचं तिनं शोधलं."

"हो."

"पाच दिवस खपून."

"हो, दादा. चूक माझी आहे. मी तेव्हाच..."

"तुझी आहेच," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पण अरे, मी रोग्याच्या घरी गेलो की घरातल्या पोरापासून म्हातारीपर्यंत दहा प्रश्न विचारतो. आणि माझ्या घरात, चार वर्षं, तू गोठ्यात काय करतेस असं मी तिला एकदाही विचारलं नाही. वर चारचौघांत क्लीनर म्हणालो."

आणि दहा दिवस कोरडा राहिलेला तो माणूस उपरण्यात तोंड घालून रडला. मी त्याला असा रडताना कधी पाहिला नव्हता. मला वाटलं आता उठून जाईल. तो गेला नाही. डोळे पुसले, शेजारची जागा हातानं दाखवली आणि म्हणाला, "बस. पहिल्यापासून सांग."

मी बसलो, सांगायला लागलो. तुम्ही पदर खोचून आलात इथपासून. तो दर वाक्याला मला थांबवत होता. मग? मग ती काय म्हणाली? हसली का? कशी उभी होती? लग्न ठरलेला मुलगा मुलीबद्दल विचारतो ना, वहिनी, तसं विचारत होता.